पंखा फिरत नव्हता, एवढंच

४१,५०० रुपये. गाडीच्या दुरुस्तीचं बिल. आकडा आधीच लिहून टाकतो, कारण घरात तो मी अजून खरा सांगितलेला नाही. बायकोला 'तीसच्या आसपास' असं सांगितलंय. आणि मी नोकरीला कशात, तर इंटर्नल ऑडिटमध्ये. दिवसभर दुसऱ्यांची बिलं तपासून पोट भरतो. हसा.

२०२५च्या एप्रिलमधला शेवटचा शनिवार. मेव्हण्याच्या वास्तुशांतीसाठी पुण्याहून साताऱ्याला निघालो होतो. गाडी सात वर्षांची, पेट्रोल, ६८,००० किलोमीटर झालेली. जाताना खंबाटकी घाट तेव्हा चढावाच लागायचा, आणि त्या दिवशी चढणं म्हणजे ट्रकच्या मागे पहिल्या गिअरवर रांगणं. एसी चालू. मध्येच टेंपरेचरचा काटा लाल रेषेला टेकला, बॉनेटच्या फटीतून वाफ आणि पाक करपल्यासारखा गोडूस वास. गाडी कडेला घेऊन लगेच बंद केली. सासरे मागून म्हणाले, "जावईबापू, पाणी घाला की." तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नसतं एवढं मला कळतं. तुम्हीही उघडू नका, आतलं पाणी दाबाखाली असतं, थेट तोंडावर येतं. क्रेन बोलावली, तिचे ३,५०० वेगळे. बाकीचे एसटीने पुढे गेले.

गाडी मी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरलाच का नेली, असं मला आता सगळेच विचारतात. अहो, सात वर्षं तिथेच नेतोय. रेकॉर्ड राहतं, विकताना दोन पैसे जास्त येतात, पार्ट अस्सल मिळतात. घराजवळच्या गॅरेजवाल्याकडे बिल मागितलं तर तो पंचांगाच्या मागे लिहून देतो. माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं?

आता तो क्षण. तीन महिने झाले, रात्री झोपताना तोच डोळ्यांपुढे येतो.

सर्व्हिस ॲडव्हायझरने माझ्यासमोर गाडी चालू केली. बॉनेट उघडं, एसी फुल्ल. आम्ही दोघे रेडिएटरवर वाकून उभे. काटा हळूहळू वर चढत होता आणि तो मला अगदी शांत आवाजात समजावत होता, "सर, हेड गॅस्केटचा इश्यू वाटतोय." म्हणजे इंजिनचा वरचा भाग, हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील. त्याचा शब्द न् शब्द मला ऐकू येत होता. एसी लावलेल्या गाडीच्या उघड्या बॉनेटपाशी कधी बोलून बघा, ओरडावं लागतं, कारण रेडिएटरचा पंखा घोंघावत असतो. इथे चिडीचूप. पंखा फिरतच नव्हता! माझ्या नाकापासून दीड फुटावर, पाती स्वच्छ दिसतायत, एकेक मोजता येतील अशी स्थिर. आणि मी मान डोलावत 'हं, हं' करतोय.

बरं, हे काही पहिलंच लक्षण नव्हतं. दोन आठवडे बायको सांगत होती, "अहो, सिग्नलला एसी गरम हवा टाकतो, गाडी पळायला लागली की गार होतो." एसीचा गॅस गार करणारी पुढची जाळी म्हणजे कंडेन्सर, त्याला वारा देणाराही तोच पंखा. त्या तक्रारीवर याच सेंटरने गॅस भरून २,३६० रुपये घेतले होते. तेव्हाही पंखा कुणी पाहिला नाही, किंवा पाहिला आणि गप्प बसले.

सुरुवातीचं एस्टिमेट १७,४३०: रेडिएटर ९,८५०, वॉटर पंप ४,२८०, थर्मोस्टॅट १,९६०, वरचा-खालचा होज १,३४०. दुसऱ्या दिवशी फोन, "सर, गाडी खोललीय, हेडपण करावं लागेल, नाहीतर आम्ही गॅरंटी नाही देऊ शकत." मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये. व्हॉट्सॲपवर 'ओके' टाकलं. दोन अक्षरं. ती आता माझ्याविरुद्धचा पुरावा आहेत. गाडी खोलल्यावर आलेल्या कुठल्याही फोनला तिथल्या तिथे हो म्हणू नका. संध्याकाळी येऊन बघतो म्हणा, काही आभाळ कोसळत नाही.

मग यादी वाढली. गॅस्केट किट ३,२४०, हेड फेसिंग (हेडचा तळ मशीनवर घासून सपाट करणं) बाहेरच्या लेथवाल्याकडून २,८००, मजुरी ११,५००, कूलंट १,९५०, इंजिन फ्लश १,४९९, डिकार्बन (इंजिनमधली काजळी काढणं) २,९९९, आणि 'कन्झ्युमेबल्स' ६५०, म्हणजे बहुधा फडकी आणि ग्रीस. सगळं टॅक्ससकट ४२,०६८. वर माझ्यावर मेहेरबानी म्हणून ५६८ची सूट. ४१,५०० घेतले आणि किल्ली देताना सांगितलं, "सर, कंपनीचा फोन येईल, दहापैकी दहा द्या, नाहीतर माझा इन्सेंटिव्ह कटतो." मी दहा दिले. हो, दिले.

हेड गॅस्केट गेलं असेल तर बहुतेकदा इंजिन ऑइल दुधाळ होतं, सायलेन्सरमधून पांढरा धूर सुटत राहतो, कूलंटच्या टाकीत बुडबुडे येतात. माझ्या डिपस्टिकवरचं ऑइल साफ होतं, मी स्वतः पाहिलं, त्यावर "सुरुवात आहे सर" असं उत्तर. एक निळ्या लिक्विडची साधी टेस्टही असते: टाकीतली हवा त्यातून ओढायची, जळालेला गॅस येत असेल तर ते पिवळं पडतं. ती केल्याशिवाय हेडला हात लावू देऊ नका.

अकराव्या दिवशी नवले पुलाजवळच्या जॅममध्ये काटा पुन्हा वर. मधले दिवस गाडी फक्त पहाटे मोकळ्या रस्त्यावर काढली होती, त्यामुळे समोरच्या वाऱ्यावरच रेडिएटर गार राहत होता आणि मला वाटत होतं काम झालं. ढकलत जवळच्या गॅरेजमध्ये नेली. पोरगा असेल पंचविशीचा. त्याने बॉनेट उघडलं, फ्यूजबॉक्समधून पंख्याचा रिले, म्हणजे पंखा चालू-बंद करणारा छोटा स्विच, उपटला, त्या जागी हॉर्नचा रिले बसवला. घर्र्र करून पंखा सुरू. रिले २४०, त्याचे १००. ३४० रुपये. जाताना हेडकडे बोट दाखवून म्हणाला, "काका, हे खोललेलं वाटत नाही, बोल्टवरची धूळपण हलली नाहीये." मी शपथेवर सांगू शकत नाही. पण हेड फेसिंग बाहेरून केलं म्हणता, तर त्या लेथवाल्याचं बिल कुठाय? सेंटरकडे चार वेळा मागितलं. हा प्रश्न मी रोज दुसऱ्यांना विचारतो, स्वतःचे पैसे देताना विचारला नाही. जुने पार्ट मागितले तर "स्क्रॅपला गेले सर". जुने पार्ट जॉब कार्डवरच 'परत हवेत' असं लिहून घ्या, तोंडी सांगून उपयोग नाही.

सेंटरचे वर्क्स मॅनेजर म्हणाले, जॉब कार्डवर पंख्याची तक्रारच नाही, ओव्हरहीटिंगची आहे. म्हणजे ताप आलाय सांगितलं, मलेरिया आहे हे पेशंटने सांगितलं नाही! पोलीस चौकीत गेलो. तिथल्या साहेबांनी बिल उलटसुलट करून बघितलं, "तुम्ही सही केलीय ना? मग हे सिव्हिल मॅटर," आणि स्वतःच्या गाडीचा एसी का गरम येतो ते मलाच विचारलं. मी सांगितलं, फुकट. आरटीओत गेलो, तिथे खिडकी नंबर चार, मग सात, मग 'हे आमच्याकडे येत नाही'. ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, नंबर मिळाला, मन सुखावलं. एकोणीस दिवसांनी मेसेज: 'कंपनीच्या उत्तरानुसार काम ग्राहकाच्या संमतीने झाले. तक्रार निकाली.' कुणी निकाली काढली? ज्याने पैसे घेतले त्याला विचारून! मांजरालाच विचारलं, दूध कुणी प्यायलं. कंपनीच्या कस्टमर केअरला फोन केला तर ती मुलगी गोड आवाजात म्हणाली, "पण सर, आपण तर दहापैकी दहा दिलेत."

आता ग्राहक आयोगात जातोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, मुदत दोन वर्षांची आहे, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. मी ज्यांना विचारलं ते वकील १५,००० म्हणाले, म्हणून अर्ज स्वतःच लिहितोय. गॅरेजवाल्या पोराने लेखी द्यायचं कबूल केलंय, पण घाबरतोय, त्याला पार्ट त्याच डीलरच्या काउंटरवरून घ्यावे लागतात.

तुमच्यापैकी कुणी हल्ली पुण्यात हेड फेसिंग करून घेतलं असेल आणि लेथवाल्याची पावती जपून ठेवली असेल, तर तिचा फोटो हवाय. प्रत्यक्षात किती घेतात ते अर्जाला जोडायचंय. आणि प्लीज, आमच्या घरच्या कुणाला आकडा सांगू नका.