बिडाचा तवा: बाजारातला कच्चा घ्यावा की कंपनीचा मुरवलेला?

घावन, आंबोळी, डोसा, थालीपीठ यासाठी बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, तव्याला तोड नाही. पोळ्यांसाठी मात्र तो घेऊ नका. पोळीच्या तव्याची आच कमी केली की तो लगेच निवायला हवा. बीड सावकाश तापतं आणि तापलं की उष्णता सोडत नाही, त्यामुळे चौथ्या-पाचव्या पोळीपासून करपायला सुरुवात होते. तिथे लोखंडी पत्र्याचा तवाच बरा.

बाजारात दोन तऱ्हा मिळतात. सावंतवाडी-कुडाळकडे किंवा पुण्यात तुळशीबागेत मिळतो तो कच्चा, राखाडी आणि हाताला खरखरीत. दुसरा कंपनीचा, खोक्यातला, तेल मुरवून काळा केलेला. याला बरेच जास्त पैसे पडतात, पण कारखान्यातला थर पातळच असतो आणि घरी दोन-तीन वेळा तेल मुरवल्याशिवाय घावन सुटत नाही. जास्तीचे पैसे मुख्यतः गुळगुळीत पृष्ठभागाचे आणि वाचलेल्या एका संध्याकाळचे. तेवढा वेळ काढता येत असेल तर १० इंची, दोन कानांचा कच्चा तवाच घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. लाकडी मुठीचे तवे दिसतात छान, पण मुठीचा स्क्रू वरचेवर ढिला होतो.

दुकानात तवा एका कानाला धरून लटकवा आणि चमच्याने हलकेच वाजवा. घंटेसारखा लांब नाद आला तर ठीक. आवाज बद्द आला तर कुठेतरी तडा आहे, मग तो डोळ्यांना दिसो वा न दिसो. मध्यभागी ओतकामाची बारीक छिद्रं असतील तर पीठ नेमकं तिथेच धरतं. चकचकीत काळा रंग फासलेला तवा परत ठेवा, तापल्यावर त्या रंगाचे पोपडे निघतात. घावनासाठी किंचित खोलगट चालतो, डोशाला सपाट हवा. इंडक्शन असेल तर बूड अगदी सपाटच पाहा.

घरी आणल्यावर गरम पाणी, साबण आणि काथ्याने पाणी स्वच्छ निघेपर्यंत घासा. फार खरखरीत असेल तर त्याआधी ८० नंबरच्या आणि मग १२० नंबरच्या सँडपेपरने उंचवटे घासून घ्या. धुतल्यावर लगेच गॅसवर कोरडा करा, नाहीतर बघता बघता तांबूस गंज धरतो.

आता तेल मुरवायचं. कोमट तव्यावर अर्धा चमचा तेल दोन्ही बाजूंना आणि कानांना चोळा, मग कोरड्या सुती फडक्याने ते इतकं पुसा की तेल लावलंच नाही असं वाटावं. बहुतेकांचं इथेच बिघडतं. तेल जास्त राहिलं की त्याचा कडक थर न होता चिकट तपकिरी राप बसतो आणि त्याला सगळं चिकटतं. खिडक्या उघडून मध्यम आचेवर धूर येऊन थांबेपर्यंत, साधारण १० मिनिटं तापवा, निवू द्या, पुन्हा तेल लावा. असं पाच-सहा वेळा. करडईचं किंवा सूर्यफुलाचं तेल यासाठी उत्तम, कारण ते तापून घट्ट वाळतं. खोबरेल तसं वाळत नाही, म्हणून ते घावन करतानाच वापरा. जवसाचा थर कडक होतो, पण पुढे खपल्या सुटू शकतात.

पहिले काही दिवस थालीपिठंच लावा, तेल भरपूर जातं आणि थर पक्का होतो. घावन त्यानंतर. तवा मंद आचेवर सहा-सात मिनिटं तापू द्या. एकदम मोठी आच दिली तर मध्य फार तापतो आणि कडा गार राहतात. पाण्याचे थेंब टाकताच नाचले की अर्ध्या कांद्याने तेल फिरवा आणि ताकासारखं पातळ पीठ कडेकडून मध्याकडे ओता. जाळी पडली नाही तर तवा कमी तापलाय किंवा पीठ घट्ट झालंय. झाकण ठेवा आणि कडा आपणहून सुटेपर्यंत उलथणं घालू नका. आंबोळीचं पीठ घट्ट असतं, तिला आच मध्यमच हवी, नाहीतर खालून करपते आणि आतून कच्ची राहते.

टोमॅटो, चिंच, कोकम यावर शिजवू नका, आंबटामुळे थर उतरतो आणि पदार्थाला लोखंडी चव येते. तापलेल्या तव्यावर गार पाणी कधीच ओतू नका, बीड ठिसूळ असल्याने तडा जातो. गंज आला म्हणून मात्र तवा भंगारात टाकू नका. जाड मीठ आणि काथ्याने घासून, वाळवून पुन्हा तेल मुरवलं की तो पूर्ववत होतो. रोजचं घासणं म्हणजे कोमट पाणी आणि काथ्या. चुकून साबण लागला तर बिघडत नाही, पण पाण्यात भिजत ठेवला तर हमखास गंजतो.

पावसाळ्यात तवा आठ-पंधरा दिवस वापरात नसेल तर कोरडा करून तेलाचा पुसट हात फिरवा आणि वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवा. बाहेर काढल्यावर खवट वास आला तर गरम पाण्याने धुऊन, तापवून मगच पीठ घाला. मनगट दुखत असेल त्यांनी हा तवा घेण्याआधी दुकानात एका हाताने उचलून पाहावा. १० इंची तवाही चांगलाच जड असतो, आणि तापलेला असताना तो उतरवायला दोन्ही हातांत जाड फडकी लागतात.