वायफाय घरभर पोचवायचं: रिपीटर, मेश की केबल टाकून दुसरा राउटर?

आतल्या खोलीत वायफाय मिळत नाही म्हटलं की बहुतेक जण आधी रिपीटर आणतात, तो पुरला नाही की मेशकडे (एकत्र चालणाऱ्या अनेक वायफाय पेट्यांच्या संचाकडे) वळतात, आणि केबलचा विचार सगळ्यात शेवटी करतात. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. दुसरा राउटर किती भारी आहे यापेक्षा तो पहिल्याशी कशाने जोडलाय, याला जास्त महत्त्व आहे.

त्याआधी एक फुकटचा उपाय. मुख्य राउटर कपाटात किंवा टीव्हीच्या मागे असेल, तर तो उघड्यावर, उंच आणि शक्यतो घराच्या मध्यावर आणा. ५ गिगाहर्ट्झच्या बँडचा (लहरींच्या पट्ट्याचा) सिग्नल वेगवान असतो, पण भिंती ओलांडताना २.४ गिगाहर्ट्झच्या मानाने लवकर क्षीण होतो. अनेकदा एवढ्या हलवाहलवीतच काम होतं.

रिपीटर. लावायला सगळ्यात सोपा. पण तो राउटरचं ऐकतो आणि तेच पुन्हा हवेत सोडतो. ऐकणं आणि बोलणं एकाच बँडवर चालत असेल, तर वेग साधारण निम्मा होतो. दोन बँडचा रिपीटर एका बँडवर राउटरशी आणि दुसऱ्यावर तुमच्या फोनशी बोलू शकतो, तेव्हा नुकसान कमी होतं. नेहमीची चूक म्हणजे तो थेट सिग्नल नसलेल्या खोलीत लावणं. त्याला स्वतःलाच नीट ऐकू येत नसेल, तर तो पुढे काय पोचवणार? जिथे सिग्नल अजून चांगला आहे, साधारण उणे ६५ डीबीएमच्या (सिग्नलची ताकद मोजायचं एकक; आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल चांगला) आसपास, अशा मधल्या जागी तो हवा. एका खोलीत बातम्या वाचायला, मेसेज पाहायला पुरतो. रोजच्या व्हिडिओ कॉलसाठी मी त्याच्या भरवशावर राहणार नाही.

केबल टाकून दुसरा राउटर. माझी पहिली पसंती हीच. घरात पडून असलेला जुना राउटरही चालतो. त्यात ॲक्सेस पॉइंट मोड (केबलने आलेलं नेट फक्त वायफायवर देणारा) असेल तर तो निवडला की झालं. नसेल तर आधी त्याला मुख्य राउटरच्याच मालिकेतला पण वेगळा आयपी पत्ता (नेटवर्कमधला उपकरणाचा क्रमांक) द्या (मुख्य १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२), मग त्याचं डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते वाटायची सोय) बंद करा आणि केबल वॅनऐवजी (बाहेरून नेट घ्यायचा पोर्ट) लॅन पोर्टात (घरातली उपकरणं जोडायचा) लावा. डीएचसीपी चालू राहिलं तर दोन्ही राउटर पत्ते वाटायला लागतात आणि नेट मध्येच बंद पडतं. केबल वॅन पोर्टात गेली तर घरात दोन वेगळी नेटवर्क तयार होतात; मग एका खोलीतल्या फोनला दुसऱ्या खोलीतला प्रिंटर सापडत नाही. यात मी स्वतः एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे.

कॅट ५ई प्रकारची नेटवर्क केबल १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट सहज वाहून नेते, त्यामुळे घरात अंतराची चिंता नाही. राउटरचे पोर्ट मात्र तपासा. जुन्या राउटरचे पोर्ट १०० एमबीपीएसचे असले तर वेग तिथेच अडतो. २.४ च्या बँडवर दोन्ही राउटरना वेगळे चॅनल (बँडमधले उपविभाग) द्या: १, ६ किंवा ११. उत्पादकाने सुरक्षा अपडेट देणं थांबवलेला राउटर मात्र वापरू नका.

मेश. सगळे नोड (संचातल्या पेट्या) एकाच ॲपमधून सांभाळता येतात, आणि फोनला जवळच्या नोडकडे वळवायचं काम तो बऱ्यापैकी करतो. तरी शेवटचा निर्णय फोनचाच असतो; काही फोन दूरच्या नोडला चिकटून बसतात, तो दोष मेशचा नाही. नोड आपसात हवेतूनच बोलत असतील तर रिपीटरची अडचण इथेही येते. म्हणून वायरलेसच ठेवायचं असेल तर तीन बँडचा संच बघा, त्यात एक बँड नोडमधल्या संभाषणासाठी राखता येतो.

वीजवाहिनीतून नेट नेणारे ॲडॉप्टरही मिळतात. त्यांचं यश घरातल्या वायरिंगवर अवलंबून असतं, म्हणून परत करता येत असतील तरच आणा आणि ते एक्स्टेंशन बोर्डाऐवजी थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावा.

भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडता येत नसेल, तर मेश घ्या. पण त्यातला एखादा नोड तरी दाराच्या फटीतून नेलेल्या चपट्या केबलने जोडता येतो का, ते आधी बघा. लॅन पोर्ट नसलेले नोड घेतलेत, तर हा मार्ग कायमचा बंद होतो.