जळगावचा कुटुंब-गट: सोळा रविवार, सहा घरं

सावद्याहून भुसावळमार्गे जळगावला एसटीने जायला दीड-पावणेदोन तास. जानेवारीपासून मेपर्यंत आम्ही चौघं, मी, बायको, नऊ वर्षांचा पोऱ्या आणि माझी माय, दर रविवारी ही फेरी करत होतो. जळगावातल्या एका समुपदेशन केंद्रात हट्टी, अंगावर धावून जाणाऱ्या, कशालाच ‘हो’ न म्हणणाऱ्या मुलांसाठी सहा घरांचा एकत्र गट चालतो. आपल्या भागातल्या कुणी त्याबद्दल लिहिलेलं मला सापडलं नाही, म्हणून लिहितोय. केंद्राचं नाव देत नाही, सोबतची पाच घरं ओळखू येतील.

पोऱ्या चौथीत. वर्गात दोन मोठ्या मारामाऱ्या झाल्या आणि ‘दुसरी शाळा बघा’ असं आम्हाला ऐकवलं गेलं. घरी जेवण, अंघोळ, अभ्यास, प्रत्येक गोष्टीवर रण पेटायचं. गावात जो तो सांगायचा, दोन ठेवून द्या. मी दिल्या. पुष्कळ वेळा दिल्या.

पहिल्या दोन भेटींत केंद्रातल्या मॅडमनी बारीक चौकशी केली. झोप कशी, कान तपासलेत का, हे कधीपासून चालू आहे. ओडीडी, म्हणजे ऑपोझिशनल डिफायंट डिसऑर्डर, मोठ्यांना सतत विरोध करत राहण्याचा विकार, म्हणायला आठपैकी किमान चार लक्षणं निदान सहा महिने दिसावी लागतात, आणि तीही फक्त भावंडांशी भांडताना दिसून चालत नाही. आमच्याकडे सहा निघाली. खास ओडीडीसाठी औषध नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. सोबत एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अति चंचलपणा, असेल तर त्याच्या औषधाचा उपयोग होतो. गटातल्या एका मुलाला ते चालू होतं.

हा कार्यक्रम मुळात न्यूयॉर्कमध्ये मेरी मॅके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी बसवला. नियम, जबाबदारी, नाती, आदराने बोलणं, आणि जोडीला घरातला ताण व आजूबाजूचा आधार, असे सहा विषय. पण आमच्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट फळ्यावरच्या एका गोलाने केली. बाप सांगतो, पोरगा नाही म्हणतो. बाप आवाज चढवतो, पोरगा त्याहून मोठ्याने किंचाळतो. मग आजी येते, ‘जाऊ दे’ म्हणते, काम टळतं. किंचाळलं की सुटका होते हे पोरगा शिकतो. ज्या दिवशी आजी घरी नसते त्या दिवशी बाप मारतो, पोरगा गप्प होतो, आणि मारलं की काम होतं हे बाप शिकतो. अमेरिकेत ओरेगॉनमध्ये जेराल्ड पॅटर्सन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कुटुंबांच्या घरी निरीक्षणं करून हे चक्र मांडलं होतं. त्या गोलाकडे बघताना मला आमचं स्वयंपाकघर दिसत होतं.

हे एकट्या डॉक्टरसमोर बसूनही कळलं असतं, पण गटात जे झालं ते झालं नसतं. तिसऱ्या रविवारी पालकांची अदलाबदल केली. चोपड्याकडच्या एका ताईंना आमच्या पोऱ्याला चप्पल जागेवर ठेवायला सांगायचं होतं. त्या उठून त्याच्याजवळ गेल्या, उकिडव्या बसल्या, नाव घेतलं आणि म्हणाल्या, ‘चप्पल कोपऱ्यात ठेव.’ एवढंच. मग गप्प राहिल्या. मी मनात आकडे मोजत होतो. सहा म्हणेपर्यंत पोऱ्या उठला, चप्पल ठेवली. ताई म्हणाल्या, ‘एका शब्दात ठेवलीस, छान.’ तेच काम मी दुसऱ्या खोलीतून, चार वेळा, ‘ठेवतोस का’ असं विचारत सांगायचो. आणि विचारलं की तो नाही म्हणायचाच.

दोन आठवड्यांनी मी घरचा प्रसंग करून दाखवत होतो. समोरची आठ वर्षांची मुलगी मध्येच म्हणाली, ‘काका, तुमच्या आवाजाने माझ्या पोटात गोळा आला.’ खोली शांत झाली. ती दुसऱ्याची मुलगी होती, तिला माझ्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्या दिवसापासून आजपर्यंत मी पोऱ्यावर हात उचललेला नाही.

मायचं सांगायलाच हवं. ‘पोऱ्याले रडाले लावू नका,’ हे तिचं ठरलेलं वाक्य. लहानसहान आरडाओरड्याकडे लक्ष द्यायचं नाही असं ठरलं, तेव्हा चौथ्या-पाचव्या आठवड्यात ओरडणं आधी वाढलं. तसं होईल हे मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं आणि मायने ते स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, म्हणून ती देवघरासमोर बसून राहिली, मध्ये पडली नाही. ती सोबत आली नसती तर आमचं सगळं त्याच आठवड्यात मोडलं असतं. त्या दिवसांत एका रात्री मी १४४१६ वर, टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला फोन केला. फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं. पलीकडच्या माणसाने शांतपणे ऐकून घेतलं.

रोज दहा मिनिटं पोऱ्या म्हणेल तो खेळ, त्यात शिकवणं नाही, टोकणं नाही, हा गृहपाठ होता. त्याने केळीचा बाग निवडला. घडाखाली उभा राहून फण्या मोजायचा, मी मागे मागे. एकदा चुकला, नऊच्या दहा मोजल्या. मी गप्प राहिलो. त्याने परत मोजल्या आणि स्वतःच म्हणाला, ‘नऊ आहेत, पप्पा.’

आता उणिवा. पालकांचा गट चालू असताना नऊ मुलांना सांभाळायला शेजारच्या खोलीत एकच ताई. एका रविवारी एका मुलाला ढकलाढकलीत कपाळाला टेंगूळ आलं. अशा मुलांसाठी हे चालणार नाही, किमान दोघी हव्यात, आणि मी ते तिथे लेखी दिलंय. गृहपाठाचे कागद पुस्तकी मराठीत आहेत, ‘सकारात्मक प्रबलन’ (म्हणजे चांगलं वागलं की शाबासकी) वाचून मायने कागद बाजूला ठेवला. केळीचा माल कटायला आला म्हणून आमचे दोन रविवार बुडाले, त्यांची भरपाई करायची सोय नव्हती. एप्रिलपासून खोली तापायची आणि कूलरच्या आवाजात मागे बसलेल्यांना ऐकू यायचं नाही. सहा घरांपैकी शेवटपर्यंत येणारे बाप आम्ही दोघंच होतो, त्यासाठी केंद्राने काही करायला हवं.

फी घरटी चारशे रुपये, कितीही माणसं आणा. प्रवास धरून आमचा रविवार हजाराच्या घरात जायचा.

फरक सांगायचा तर दारामागच्या कागदावर आम्ही खुणा करत होतो. पहिल्या आठवड्यात तेवीस भांडणं, शेवटच्या आठवड्यात सात. शाळेची वही अजून कधीकधी लाल शाईने भरून येते. मी पाचपैकी चार देईन, एक त्या शेजारच्या खोलीसाठी कापला.

जाणार असाल तर घरात पोराची बाजू जो घेतो त्याला आधी तयार करा, मग नाव नोंदवा. पुढचा गट पावसाळ्यात सुरू होतोय. चोपड्याच्या ताई त्यात नव्या घरांना मदत करायला जाणार आहेत, आणि माय मला विचारतेय, आपणही जायचं का.