अंगणातला पॉइंट: झाकणाचा बॉक्स घ्यावा की निळं सॉकेट?

घराबाहेर पॉइंट काढायचा म्हटलं की साताऱ्यात वायरमन बहुधा झाकणाचा वेदरप्रूफ बॉक्सच सुचवतो. आत आपलं नेहमीचं 6/16 अँपिअरचं मॉड्युलर सॉकेट, शेजारी स्विच, वर पारदर्शक झाकण. दुसरा पर्याय मंडपवाले आणि कारखानदार वापरतात ते निळं इंडस्ट्रियल सॉकेट, गोल तोंडाचं, तीन जाड पिनांचं. आमच्या भिंतीवर आज दोन्ही आहेत. दोन्ही चालतात, पण सारखेच चालतात असं म्हणवत नाही.

झाकणाच्या बॉक्सवर आयपी55 (धूळ-पाण्यापासून किती संरक्षण ते सांगणारा आकडा) छापलेलं असतं आणि ते खरंही असतं, झाकण बंद असेपर्यंत. घोळ होतो तो टॉप, म्हणजे यंत्राच्या केबलचा प्लग, घातल्यावर. 16 अँपिअरचा टॉप चांगला जाडजूड असतो, त्याची केबल खालच्या बाजूला वळते, आणि झाकण त्यावर अर्धवट टेकून राहतं. म्हणजे करंट चालू असताना, नेमकी संरक्षणाची गरज असते तेव्हा, बॉक्स उघडा. नुसत्या सरळ पावसात हे खपून जातं. पण पश्चिमेच्या यवतेश्वर डोंगराच्या बाजूने झड सुरू झाली की पाऊस आडवा येतो, आणि बोटभर फटीतून सॉकेटच्या भोकांपर्यंत पोहोचतो. मग घरातली आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, पडते. अख्ख्या घराला एकच आरसीसीबी असेल तर रात्री फ्रिजसकट सगळं बंद, आणि कारण सापडेपर्यंत ती पुन्हा चढत नाही. माझा कल ठरला तो या एका कटकटीमुळे. खोल, घुमटासारख्या झाकणाचे बॉक्सही मिळतात, त्यात टॉप घालूनही झाकण लागतं. मात्र घेताना आपला सगळ्यात जाड टॉप दुकानात नेऊन, आत घालून, झाकण लावून बघावं.

आणखी एक बारीक गोष्ट. झाकणाची स्प्रिंग उन्हापावसात ढिली पडते, झाकण एक सूतभर उघडं राहतं, आणि कुंभारीण माशी आत येऊन भोकांत मातीचं घरटं लिंपते. ओली माती म्हणजे गळतीला आयती वाट. मेन बंद न करता ती काडीने टोकरायला जाऊ नका.

निळ्या सॉकेटमध्ये टॉप आत गेल्यावरही बंदोबस्त राहतो. आयपी44 च्या प्रकारात सॉकेटचं झाकण टॉपला अडकून त्याला धरून ठेवतं, म्हणजे कोणी केबलला अडखळलं तरी टॉप सहसा निसटत नाही. आयपी67 च्या प्रकारात टॉपवरची कडी फिरवून रबरावर घट्ट बसवायची असते. इथे सॉकेट आणि टॉप दोन्ही 67 चे हवेत. सॉकेट 67 आणि टॉप 44 घेतला तर जास्तीचे पैसे पाण्यात. पत्र्याच्या पागोळ्यांपासून दूर, पडवीत असेल तर 44 पुरेसं वाटतं. उघड्या पश्चिमेच्या भिंतीला 67.

याचे तोटेही आहेत. घरातलं एकही यंत्र या टॉपसह येत नाही. गाडी धुवायचा प्रेशर पंप, ड्रिल, 2 एचपीची सिंगल फेज कडबाकुट्टी, सगळ्यांचे टॉप बदलावे लागतात, आणि नव्या यंत्राचा टॉप कापला तर वॉरंटीवरून वाद होऊ शकतो. यावर लोक निळ्या टॉपला एक्स्टेन्शन बोर्ड जोडतात. तसं केलं तर जो साधा बोर्ड भिंतीवर नको होता तोच ओल्या फरशीवर येऊन पडतो. शिवाय साध्या निळ्या सॉकेटला स्विच नसतो. मोटर चालू असताना टॉप ओढला तर आत ठिणगी पडते, पिना काळवंडतात. म्हणून आत, दाराजवळ, डीपी स्विच (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा) घ्यावाच. 3 एचपीची मोटर मात्र 16 वर लावू नका. तिला 32 अँपिअरचं सॉकेट आणि वेगळी लाइन लागते.

मागचं काम दोन्हीला सारखंच, आणि बहुतेक वेळा चूक तिथेच होते. डीबीतून (घराच्या वितरण पेटीतून) स्वतंत्र लाइन, 2.5 चौरस मिमीची तांब्याची वायर, अर्थिंगची हिरवीही तेवढीच, आणि डीबीत 16 अँपिअर सी-कर्व्ह (मोटर सुरू होतानाचा झटका सोसणारी), 30 मिलिअँपिअरची आरसीबीओ, म्हणजे एमसीबी आणि आरसीसीबी एकत्र. बाहेर पाणी गेलं तर तेवढीच पडते, घर चालू राहतं. 100 मिलिअँपिअरची स्वस्तात मिळाली म्हणून घेऊ नका, ती माणसाला शॉकपासून वाचवण्यासाठी नव्हे. न्यूट्रल शेजारच्या बोर्डातून उसना घेतला की आरसीबीओ विनाकारण पडत राहते, आणि वायरमन तीच काढून टाकायचा सल्ला देतो. इन्व्हर्टरच्या लायनीवरही हा पॉइंट नको. टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा, पण अर्थिंग तुटलेली असली तरी ते बटण काम करतं. अर्थिंग वेगळी मोजून घ्यायची.

पाइप बॉक्समध्ये खालून न्या, वरून नेला तर पाइपच पन्हळ होतो. न वापरलेली भोकं बुचाने बंद. गिलाव्याच्या खडबडीमुळे बॉक्समागे फट राहते. सिलिकॉन वरच्या आणि दोन्ही बाजूंच्या कडेला भरा, खालची कड मोकळी सोडा, म्हणजे आत गेलेलं पाणी निघून जाईल. उंची जमिनीपासून मीटरभर. सांगलीत नदीकाठी राहत असाल तर 2019 आणि 2021 च्या पुराची भिंतीवरची रेष बघून त्याच्या वर. आयपी67 म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास. घरात चार दिवस मुक्काम करणाऱ्या पाण्याशी त्याचा संबंध नाही.

दिवाळीच्या माळा आणि आकाशकंदील एवढ्याचसाठी, पोर्चच्या आत पॉइंट हवा असेल तर झाकणाचा बॉक्स सोयीचा, उगाच टॉप बदलत बसू नका. पण पावसात यंत्र चालणार असेल आणि एकच पॉइंट काढायचा असेल, तर मी निळ्याकडे झुकेन. टॉप बदलताना परवानाधारक वायरमनला एवढं सांगा, की आतली हिरवी वायर फेज-न्यूट्रलपेक्षा बोटभर लांब ठेव. केबलला हिसका बसला तर ती सगळ्यात शेवटी सुटली पाहिजे.