चिंतेचा माग: ईईजी की एफएमआरआय?

दादरच्या फलाटावर गर्दी बघूनच छातीत धडधडतं, तेव्हा मेंदूत काय चाललेलं असतं? ते शोधायच्या दोन पद्धती: मेंदूतले विद्युत संकेत टिपणारा ईईजी आणि मेंदूचा कुठला भाग कामात आहे ते दाखवणारा एफएमआरआय स्कॅन. माझा कल ईईजीकडे आहे.

जर्मन मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी 1924 मध्ये माणसाच्या मेंदूचा पहिला विद्युत आलेख, म्हणजेच ईईजी, घेतला. तत्त्व आजही तेच: डोक्याला इलेक्ट्रोड लावून चेतापेशींच्या समूहांची विद्युत हालचाल टिपायची, हिशेब मिलिसेकंदांत. हातून चूक झाली की साधारण 100 मिलिसेकंदांच्या आत आलेखात एक ऋण (निगेटिव्ह विद्युतदाबाची) लहर उमटते. चिंताग्रस्तांच्या गटांत ती सरासरीने मोठी असल्याचं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. ‘माझं काही चुकलं का?’ म्हणत मन खात बसणाऱ्यांना यात स्वतःची ओळख पटेल. एकट्या माणसाचं निदान मात्र दोन्हींपैकी कुठल्याच पद्धतीने होत नाही.

भीतीशी जोडलेला मेंदूचा भाग, अमिग्डाला, खोलवर असतो. ईईजीला तो नीट सापडत नाही. तिथे एफएमआरआयच हवा. रक्तातल्या ऑक्सिजनवरून तो जागा काही मिलिमीटरपर्यंत सांगतो, पण रक्ताचा प्रतिसाद 4 ते 6 सेकंद मागे. शिवाय अरुंद नळी, कानठळ्या, हलायचं नाही. घाबरणाऱ्याला तिथे झोपवून त्याची घबराट मोजणं मला खटकतं.

ईईजीची टोपी परळच्या एखाद्या वर्गातही नेता येते. स्कॅनरपाशी माणसालाच यावं लागतं. विरारहून लोंबकळत आलेल्याला तसंच आत सरकवलं, तर मोजलं काय, चिंता की प्रवास? निदान अर्धा तास तरी त्याला शांत बसू द्यावं, चहा मात्र नंतर.