टू टुगेदर रेलकार्ड आणि स्वस्तातले कपडे : दहा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या एप्रिलमध्ये, म्हणजे २०२५ साली, आम्ही नवरा-बायकोने टू टुगेदर रेलकार्ड, म्हणजे दोघांनी मिळून केलेल्या रेल्वेप्रवासावर सवलत देणारे ब्रिटनमधले कार्ड, काढले, त्याला आता दहा महिने होत आले. इंग्लंडमधल्या रेडिंगला राहायला आल्यापासून शनिवार-रविवार म्हणजे आठवड्याचे धुणे, भाजी आणि संध्याकाळी कोणाकडे तरी जेवण, असा आमचा शिरस्ता पडला होता. तो मोडावा आणि जमल्यास थंडीचे चांगले कपडे पूर्ण किंमत न मोजता मिळावेत, असे दोन हेतू मनाशी धरून हे कार्ड घेतले. दुसऱ्या हेतूचा रेल्वेशी तसा संबंध नाही, परंतु कार्डाचा खरा उपयोग आम्हाला तिथेच झाला, म्हणून या अनुभवात प्रवासाइतकेच कपडे येणार आहेत.

नियम आधी सांगते, कारण नावावरून पुष्कळांचा गैरसमज होतो. हे कार्ड नवरा-बायकोसाठीच असते असे नाही. सोळा वर्षे पूर्ण झालेल्या कोणत्याही दोन व्यक्ती, म्हणजे दोन मैत्रिणी, आई आणि मुलगी किंवा एका खोलीत राहणारे दोन विद्यार्थी, आपापली नावे व छायाचित्रे देऊन ते एका वर्षासाठी काढू शकतात. दोघे एकत्र प्रवास करत असतील तर बहुतेक तिकिटांवर एक-तृतीयांश सवलत मिळते. सोमवार ते शुक्रवार पहाटे साडेचारपासून सकाळी साडेनऊपर्यंत ते चालत नाही. शनिवारी, रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीला मात्र वेळेचे बंधन नाही. मार्च २०२५ मध्ये त्याची किंमत ३० पौंडांवरून ३५ पौंड झाली, त्यामुळे वर्षभरात दोघांचे मिळून मूळ भाडे १०५ पौंडांवर गेले की कार्डाचे पैसे फिटतात. लंडनमधल्या प्रवासाचे पैसे भरण्याच्या ऑयस्टर कार्डाला ते जोडता येत नाही, ही गोष्ट मात्र काढण्यापूर्वी लक्षात घ्यावी.

मी वहीत हिशेब ठेवते. दहा महिन्यांत आम्ही एकोणीस वेळा बाहेर पडलो; मूळ भाडे साधारण ५१० पौंड झाले असते, त्यातले सुमारे १७० वाचले. कार्डाची किंमत वजा केली तर निव्वळ बचत १३५ पौंडांच्या आसपास येते. यातला मोठा वाटा बाथ आणि पोर्ट्समथ अशा लांबच्या फेऱ्यांचा आहे. ट्वायफर्डला गाडी बदलून हेनलीला गेले तर मुळात भाडेच थोडे, त्यामुळे सवलतही चहाच्या पैशांइतकीच. बाथला जाताना वाटेतल्या डिडकॉट स्टेशनपर्यंत एक आणि तिथून पुढे दुसरे तिकीट काढल्यास काही वेळा आणखी पैसे वाचतात. त्यासाठी डब्यातून उतरावे लागत नाही, फक्त गाडी डिडकॉटला थांबणारी असली पाहिजे. कार्डाची सवलत दोन्ही तिकिटांवर मिळते.

सुरुवातीला आम्ही आउटलेटच्या, म्हणजे कंपन्यांचा माल सवलतीत विकणाऱ्या दुकानांच्या, नादाला लागलो. स्विंडनचे आउटलेट पाहण्यासारखे आहे, हे मान्य करते. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा इंजिने बांधण्याचा जो कारखाना १८४३ मध्ये सुरू झाला आणि १९८६ मध्ये बंद पडला, त्याच्याच विटांच्या इमारतींत १९९७ पासून ही दुकाने आहेत. स्टेशनापासून चालत जाता येते, वाटेत रुळांखालून जाणारा बोगदा लागतो, आणि शेजारीच रेल्वेचे संग्रहालय आहे. यजमानांना इंजिनांचे वेड असल्यामुळे ते संग्रहालयात आणि मी दुकानांत, अशी वाटणी आपोआप झाली. मात्र कपडे उलटसुलट करून पाहिल्यावर माझा उत्साह ओसरला. काही कंपन्या आउटलेटसाठी वेगळाच माल शिवून घेतात. त्याचे कापड पातळ असते, शिवणीत सोडलेले कापड जेमतेम असते, आणि चिठ्ठीवर खोडलेली ‘मूळ’ किंमत त्या कपड्याला कुठल्याही दुकानात कधी लागलेली नसते. तिथे घेतलेल्या एका जाकिटाची चेन तीन आठवड्यांत अडकू लागली. २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याप्रमाणे सदोष वस्तू तीस दिवसांच्या आत परत करून पूर्ण पैसे मागता येतात, तसे ते मिळालेही, पण त्यासाठी एक शनिवार आणि एक फेरी खर्ची पडली. पोर्ट्समथचे गनवॉर्फ कीज हे आउटलेट आम्हाला अधिक आवडले. हार्बर स्टेशनवरून उतरले की ते लागूनच आहे, खरेदीचा कंटाळा आला की समोर समुद्र आहे, आणि १७० मीटर उंचीचा स्पिनेकर टॉवर खालूनही पुरेसा दिसतो.

जूनपासून आम्ही आउटलेट जवळजवळ सोडले आणि चॅरिटी शॉपकडे, म्हणजे लोकांनी दिलेल्या वापरलेल्या वस्तू सेवाभावी संस्थेसाठी विकणाऱ्या दुकानांकडे, वळलो. इंग्लंडमध्ये नव्याने आलेल्या आपल्या माणसांना या दुकानांविषयी संकोच वाटतो, मलाही वाटत असे. कोणाचे तरी वापरलेले कपडे अंगावर घालायचे, हे आपल्याकडे सहज पचत नाही. तो संकोच ऑक्सफर्डला गेला. तिथे ब्रॉड स्ट्रीटवर १७ क्रमांकाचे ऑक्सफॅम या मदतसंस्थेचे दुकान आहे. १९४२ मध्ये युद्धकाळातील ग्रीसच्या दुष्काळग्रस्तांसाठी स्थापन झालेल्या समितीने चाळीसच्या दशकाच्या अखेरीस ते सुरू केले. आत पाहिले तर प्राध्यापक वाटावेत असे एक वृद्ध गृहस्थ शांतपणे मफलर निवडत होते आणि त्यांच्या शेजारी एक विद्यार्थिनी लोकरी स्कर्ट कंबरेला लावून बघत होती. लाज वाटण्याजोगे तिथे काहीच नव्हते. दुकानात काम करणारे बहुतेक जण स्वयंसेवक असतात, आणि आलेला पैसा संस्थेच्या कामाला जातो, त्यामुळे तुळशीबागेची सवय असलेल्यांनी घासाघीस करू नये, असे माझे मत आहे. मी एकदा सवयीने विचारले होते. काउंटरवरच्या बाई हसल्या आणि त्यांनी पैशांच्या डब्याकडे बोट दाखवले.

दहा महिन्यांत एक गोष्ट लक्षात आली, आणि ती मला कार्डाच्या सवलतीपेक्षा मोलाची वाटते. दुकानात काय मिळेल हे दुकानाच्या पाटीवर ठरत नाही, गावावर ठरते. गावातली माणसे जे वापरतात तेच त्यांच्या कपाटातून दुकानात येते. निवृत्त, सुखवस्तू लोकांच्या विंचेस्टरमध्ये लोकरीचे कोट आणि चामड्याचे बूट मिळतात. विद्यार्थ्यांच्या ऑक्सफर्डमध्ये उन्हाळ्यात, सत्र संपल्यावर, एकदाच घातलेल्या पार्टीच्या पोशाखांची रीघ लागते. होड्यांच्या शर्यतींच्या हेनलीत फुलाफुलांचे झगे आणि टोप्या दिसतात. जानेवारीत कुठेही गेले तरी नाताळात मिळालेल्या नकोशा भेटवस्तू किमतीच्या चिठ्ठीसकट टांगलेल्या असतात. घराजवळच्याच दुकानात दर आठवड्याला जाण्यात जे साधत नाही ते वेगवेगळ्या गावी उतरण्यात साधते, आणि म्हणूनच रेलकार्ड आणि कपडे यांची सांगड बसते.

विंचेस्टरला आम्ही गेलो तो शनिवार सप्टेंबरातला होता. सकाळी इचेन नदीच्या काठाने कुरणांतून चालून आलो, कॅथेड्रल बाहेरून पाहिले, आणि हाय स्ट्रीटलगतच्या गल्लीत एका लहान दुकानात शिरलो. पुरुषांच्या कपड्यांच्या दांडीवर, दोन पावसाळी कोटांच्या मधे, तपकिरी रंगाचे, ट्वीड या जाड लोकरी कापडाचे एक जाकीट दडलेले होते. मी आधी हाताने कापड चुरगळून पाहिले. सोडताच ते पूर्ववत झाले. आतल्या बाजूला गोल आणि त्यावर क्रूस असलेले हॅरिस ट्वीडचे चिन्ह विणलेले होते. स्कॉटलंडच्या आउटर हेब्रिडीज बेटांवरील विणकरांनी आपल्या घरी, शुद्ध लोकरीपासून विणलेल्या कापडालाच हे चिन्ह लावता येते आणि १९९३ पासून त्यासाठी स्वतंत्र कायदा आहे. डाव्या काखेत अस्तर बोटभर उसवलेले होते, चामड्याचे एक बटण नव्हते, खिशात घडी केलेली पार्किंगची जुनी पावती होती. किंमत २२ पौंड. कपडे घालून पाहायला खोली नव्हती, कोपऱ्यात पडदा लावलेला होता, तिथे यजमानांनी ते घालून पाहिले. बाह्या अर्धा इंच लांब होत्या, खांदे मात्र बेतून शिवल्यासारखे बसले, आणि मला लहानपणापासून एवढे ठाऊक आहे की बाही आखूड करता येते, खांदा सुधारता येत नाही. अस्तर मी घरी शिवले. नसलेल्या बटणाच्या जागी लावलेले बटण अजून वेगळेच आहे, ते यजमानांच्या लक्षातही आलेले नाही.

याच्या उलटही घडले. एका दुकानातून, कोणत्या ते सांगत नाही, बारीक वीण असलेला एक लोकरी स्वेटर सहा पौंडांना घेतला. रात्री दिव्यासमोर धरल्यावर कोपराजवळ टाचणीच्या टोकाएवढी तीन भोके दिसली. कसर लागलेली होती. स्वेटर घट्ट बांधलेल्या पिशवीत घालून दोन आठवडे फ्रीझरमध्ये, मटार, किसलेला नारळ आणि पराठे यांच्या शेजारी ठेवला, मग धुऊन रफू केले. तेव्हापासून लोकरीचे काहीही विकत आणले की कपाटात जाण्याआधी ते फ्रीझरमध्ये जाते. सोबत शिंप्याची टेपही नेते, कारण जुन्या कपड्यांवरील दहा-बारा हे आकडे आजच्या मापांपेक्षा लहान निघतात.

रविवारविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे. १९९४ च्या कायद्यानुसार इंग्लंडमधील २८० चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानांना रविवारी सकाळी दहा ते संध्याकाळी सहा या वेळेत सलग सहाच तास उघडे राहता येते, आणि लहान गावांतील बरीच चॅरिटी शॉप त्या दिवशी बंदच असतात. रेल्वेमार्गाच्या दुरुस्तीची कामेही बहुधा रविवारीच काढली जातात. नोव्हेंबरात एका रविवारी, तिकीट काढताना सूचना न वाचल्यामुळे, आमची अर्धी वाट रेल्वेऐवजी बसने झाली आणि मुक्कामी पोचेपर्यंत दुकाने आवरायला लागली होती. म्हणून आता खरेदी शनिवारी, आणि रविवारी गेलो तर केवळ भटकंती. नाताळानंतरच्या २६ डिसेंबरच्या मोठ्या सेलला तर कार्ड असून नसल्यासारखे, कारण त्या दिवशी देशातल्या बहुतेक गाड्या धावतच नाहीत.

आणखी एक ठेच मी माझ्या चुकीने खाल्ली. यजमानांना ताप होता, माझे तिकीट आधीच काढलेले होते, आणि एकटीने गेले तर काय होणार आहे, असा विचार मनात आला. कार्डाचा नियम स्पष्ट आहे, दुसरी व्यक्ती सोबत नसेल तर सवलतीचे तिकीट चालत नाही. फलाटावर जाण्यापूर्वी मी नवे, पूर्ण भाड्याचे तिकीट घेतले. ज्या दोघांच्या सुट्ट्या जुळत नाहीत त्यांनी या फंदात पडू नये. वय बसत असेल तर प्रत्येकाने आपले वेगळे रेलकार्ड काढावे.

ऑगस्टमध्ये आई-बाबा सांगलीहून आले तेव्हा हे कार्ड घरीच राहिले. तीन ते नऊ जण एकत्र प्रवास करणार असतील तर काही रेल्वे कंपन्या गर्दीच्या वेळा सोडून ग्रुपसेव्ह नावाने तेवढीच एक-तृतीयांश सवलत देतात, त्यासाठी कोणतेही कार्ड लागत नाही. बाबांनी मात्र बाथला प्रत्येक दुकानात कराचा परतावा विचारला, कारण त्यांच्या मित्राला पूर्वी विमानतळावर तो मिळाला होता. इंग्लंडमध्ये पर्यटकांसाठीची ती सोय १ जानेवारी २०२१ पासून बंद आहे, हे त्यांना पटेपर्यंत चार दुकाने झाली. आईने शेवटी एका चॅरिटी शॉपमधून काचेची बरणी घेतली, दोन पौंडांना, आणि ती गोधडीत गुंडाळून सांगलीला नेली.

एप्रिलमध्ये कार्डाची मुदत संपते आणि आम्ही ते पुन्हा काढणार आहोत. महिन्यातून एकदा तरी दोघांनी मिळून लांब जाण्याची ज्यांची तयारी आहे त्यांना पैसे सहज वसूल होतील. गाडी बाळगणाऱ्यांनी आधी आपल्या पेट्रोल-पार्किंगचा हिशेब मांडून पाहावा. पाचपैकी चार गुण देते. एक कापला तो रविवारच्या त्या बससाठी, जरी त्यात कार्डाचा काही दोष नाही.