गावातल्या घराला ऑन-ग्रिड सोलर (ग्रिडला, म्हणजे विजेच्या लाइनला जोडलेलं) घ्यावं की बॅटरीवालं?

महिन्याला २०० युनिट जळत असतील तर २ किलोवॅट पुरतं. १ किलोवॅट दिवसाला सरासरी ४ युनिट देतं.

खर्चात ऑन-ग्रिड उजवं. पीएम सूर्यघर योजनेत २ किलोवॅटला ६०,००० रुपये अनुदान आहे, पण ग्रिडला जोडलेल्या यंत्रणेलाच. नेट मीटरमुळे दुपारची जादा वीज बिलातून वजा होते. स्थिर आकार मात्र सुटत नाही.

मेख पुढे आहे. लाइट गेली की साधा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर भर उन्हातही बंद पडतो. हा बिघाड नव्हे. खांबावरच्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून ती सोय असते.

बॅटरी तिथे कामी येते. १२ व्होल्ट, १५० एएच (अँपिअर-अवर, बॅटरीची क्षमता) म्हणजे १.८ युनिट. लेड-ॲसिड बॅटरी वारंवार निम्म्याखाली उतरवली तर लवकर मरते, म्हणून वापरायला ०.९ युनिटच धरा: ७५ वॅटचा एक पंखा आणि ९ वॅटचे तीन दिवे, सात-आठ तास. पाणी डिस्टिल्डच घाला, बोअरचं कधीच नको. त्यातल्या क्षारांनी प्लेटा खराब होतात. टर्मिनलवर पांढरी बुरशी दिसली तर जोडणी सोडवून खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसा, कोरडं करून व्हॅसलीन लावा.

पर्यावरणाचं म्हणाल तर ग्रिडच्या युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. ऑन-ग्रिडचं प्रत्येक युनिट कुठेतरी वापरलं जातं. ग्रिडला न जोडलेल्या बॅटरीवाल्या यंत्रणेत बॅटरी भरली की उरलेलं ऊन वाया.

वीज बहुतेक वेळ टिकत असेल तर ऑन-ग्रिडच घ्या, सोबत छोटा बॅटरीवाला इन्व्हर्टर. शेतवस्तीवर लाइनच पोचली नसेल तर बॅटरीवालं.